गाडीचं मॅट एकदा उचलून बघा



दोन आठवडे इथं काही लिहिलं नाही. बागेत काम नव्हतं असं नाही. काड्या पिकत आल्यात, पावसामुळं डाऊनी आणि करपा डोकं वर काढतोय, बोर्डोच्या फवारण्या चालूच आहेत. पण मधल्या वेळात मी गाडीत डोकं घालून बसलो होतो. म्हणून आजची नोंद द्राक्षाची नाही, गाडीची आहे. तरी वाचा, कारण फिरून ती बागेपाशीच येते.

माझी गाडी 2009 सालची. पेट्रोलवरची, पाच माणसांची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा दोष काडीचा नाही. दोष माझा आहे.

घेतली तेव्हा म्हटलं होतं, दवाखाना, लग्नकार्य आणि लेकीकडं जाणं, एवढ्यापुरतीच वापरायची. पण शेतकऱ्याच्या घरी गाडी आली की तिचा छोटा हत्ती व्हायला वेळ लागत नाही. आज तासगावातनं 13:0:45 ची पिशवी, उद्या कॅल्शियम नायट्रेट, परवा मोरचूद आणि चुना. ट्रॅक्टर कोण काढणार, टाक मागच्या सीटवर. सीटवर जागा नसली तर खाली पायाशी. औषधाच्या बाटल्या तर कायमच मागच्या सीटखाली, म्हणजे गडगडत नाहीत. तुमच्यातल्या निम्म्या लोकांची गाडी अशीच असणार, मला माहीत आहे.

लेक विट्याला दिली आहे. नात पाच वर्षांची. सुट्टीला आली की मी न्यायला आणि सोडायला जातो. गेल्या दिवाळीपासून पोरीला आमच्या गाडीत बसलं की उलटी. आळसंदच्या पुढं गेलं की तोंड पांढरं, आणि मग पिशवी धरा. सगळे म्हणाले, पोरीला गाडी लागते. लिंबू हुंगायला दिलं, आवळासुपारी दिली, रिकाम्या पोटी नेलं, खायला घालून नेलं. फरक नाही. एकदा गाडी बंद होती म्हणून मायलेकी एसटीनं आल्या. पोरगी स्टँडवर उड्या मारत उतरली. तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अवो, हिला एष्टीत लागत न्हाई, आपल्याच गाडीत कशी लागती?" मी म्हटलं, "एसटीत वारं लागतं." विषय संपवला. तो संपवायला नको होता.

जुलैत पाऊस लागला आणि गाडीत कुबट वास सुरू झाला. डाव्या बाजूचं मॅट दाबलं की पाणी वर यायचं. गॅरेजमध्ये दाखवली. आतलं सगळं काढून साफ करणं, खालचा पत्रा बघणं, सीट नवीन करणं, 14 हजार सांगितले. मी म्हटलं, बघू. घरी येऊन विचार केला, ब्लोअरचं गिअरबॉक्स मी उघडतो, ठिबकचा फिल्टर मी उघडतो, मोटरचं पॅकिंग मी बदलतो. सीटचे चार बोल्ट सोडवायला काय होतंय? पुढं तीन दिवस उघडीप मिळेल तसं काम केलं. कुणाला उपयोग होईल म्हणून क्रमानं लिहितो.

पहिलं काम बॅटरी. तार सोडवताना आधी मायनस काढायची, जोडताना मायनस शेवटी. बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस तशीच ठेवून प्लस सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरी हिरवट पावडर साचली होती. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, फेस आला, घासलं, पुसलं, सुकवलं, जोडून झाल्यावर वरनं व्हॅसलीन लावलं. खर्च पाच रुपये. स्टार्टर आता पहिल्या झटक्यात घेतो.

दुसरं काम सीट काढणं. आमच्या गाडीला पुढच्या प्रत्येक सीटला चार बोल्ट, 14 नंबरचा पाना. मागची बसायची गादी दोन ठिकाणी अडकवलेली असते, पुढच्या कडेनं वर ओढली की निघते. एक सूचना: तुमची गाडी नवीन असेल आणि सीटखाली किंवा स्टिअरिंगखाली पिवळ्या रंगाची वायर दिसली, तर हात लावू नका. ती एअरबॅगची असते. आमच्या गाडीत एअरबॅग नाही म्हणून मी धजलो.

दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या आणि कार्पेट उचललं. खाली जाड फेल्ट असतं. ते पिळलं तर अर्धी बादली पाणी निघालं.

पाणी येतंय कुठनं ते आधी शोधायचं, नाहीतर सगळी मेहनत वाया. मंडळीला टॉर्च घेऊन आत बसवली आणि मी बाहेरनं पाईपनं पाणी सोडलं. आधी दारावर, मग टपावर, मग काचेवर. वायपरच्या खालच्या जाळीवर पाणी सोडलं तशी ती आतनं ओरडली, "आलं, आलं, डाव्या अंगानं आलं." जाळी काढून बघितलं. गाडी आमची चिंचेखाली उभी असते. चिंचेचा पाला किती बारीक, तुम्हाला माहीत आहे. तो जाळीतनं आत जाऊन कुजला होता आणि पाणी खाली जायची भोकं बंद झाली होती. पाण्याला वाट नाही म्हणून ते गाडीत उतरत होतं. हातानं घमेलंभर चिखल काढला, ठिबकची 4 मिलिमीटरची नळी घालून भोकं मोकळी केली. दारांच्या खालच्या कडेलाही भोकं असतात, तीही मातीनं बुजली होती. ती मोकळी करायची, कधी चुकूनही बंद करायची नाहीत.

आता पत्रा. पुढं डावीकडं नुसता वरवरचा गंज होता. पण मागं, जिथं पोती आणि पिशव्या टाकायचो, तिथं पत्र्यावर निळसर हिरवे डाग, आणि एका जागी तांबूस साय धरलेली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर आरपार गेलं. खालची जमीन दिसली.

तो रंग बघून मी जागेवरच ओळखलं. बोर्डो करताना आपण काय करतो? विळा किंवा खिळा द्रावणात बुडवून बघतो. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, अजून टाका. का तांबूस होतो? मोरचुदातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळून द्रावणात जातं. म्हणून तर मोरचूद लोखंडाच्या भांड्यात भिजवू नये असं सांगतात. प्लॅस्टिकचा ड्रम घेतो आपण. आणि ज्या मोरचुदासाठी लोखंडी बादली वापरत नाही, तीच फाटकी पिशवी मी लोखंडाच्या गाडीत टाकत होतो. क्रेट ओढून ओढून पत्र्याचा रंग गेलेला, त्यावर सांडलेलं मोरचूद, वर चिंचेखालचं पाणी. दोन वर्षं माझ्या गाडीत विळ्याची परीक्षा चालू होती आणि मला पत्ता नाही.

त्यात कॅल्शियम नायट्रेटची भर. ते हवेतलं पाणी ओढतं, हे पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली की कळतं, एका रात्रीत गिच्च होते. ते कार्पेटमध्ये सांडलं की उन्हाळ्यातही खालचा पत्रा ओलसर राहतो. इतर खतांचंही तेच. खत म्हणजे शेवटी मीठच.

इथपर्यंत माझं नुकसान पत्र्याचं होतं. पुढचं तसं नव्हतं.

मागच्या सीटची गादी उन्हात टाकायला उलटी केली. खालच्या बाजूला फोमवर ताटाएवढा पिवळट तेलकट डाग. नाक जवळ नेलं. माझं नाक फवारून फवारून मेलंय, तरीही त्या वासानं मी मागं सरलो. मागच्या सालच्या ऑक्टोबरात, खोडाजवळ वाळवी लागली होती म्हणून क्लोरपायरीफॉस आणलं होतं. अर्धी वापरलेली बाटली सीटखाली होती. बूच सैल होऊन थोडं सांडलं होतं, मी वरनं फडक्यानं पुसलं आणि विसरलो. पण ते फोमनं पिऊन घेतलं होतं.

आणि त्या जागेच्या वर कोण बसायचं? मी पुढं, काच खाली. मंडळी पुढं. मागं मधोमध नात. तिला काच उघडता येत नाही, आणि धूळ नको म्हणून मागच्या काचा आम्हीच बंद ठेवायचो. उन्हात तापलेली गाडी, बंद काचा, खाली औषध प्यालेला फोम.

मी गादी खाली ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसलो. मंडळीनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती काही बोलली नाही. एसटीचं तिनं काढलंच नाही, ते मलाच आठवलं.

या औषधाच्या बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो. आपल्याला पाठ आहे, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं विष. नाकातनं जातं तसं कातडीतनंही जातं. मळमळ, उलटी, डोकं दुखणं, घाम, लाळ सुटणं ही त्याची लक्षणं प्रत्येक फवारणी प्रशिक्षणात सांगतात. मी अशा तीन प्रशिक्षणांना बसलोय, सर्टिफिकेट भिंतीला आहे. आणि लहान पोराचं वजन आपल्या चौथाईएवढं, म्हणजे तेवढंच औषध त्याला चौपट पडतं.

त्याच संध्याकाळी लेकीला फोन लावला. सांगताना जीभ जड झाली. सगळं ऐकून ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अण्णा, सारखी उलटी करती म्हणून मी तिला एकदा चापट मारली वो." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं दाखवलं. मी बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवला होता. डॉक्टरांनी तपासलं, पोरगी ठणठणीत आहे म्हणाले, पण गाडी पुरती साफ होईपर्यंत तिला त्यात बसवायचं नाही असं बजावलं. कुणाला अशी शंका आली तर डॉक्टरकडं जाताना बाटली किंवा लेबलचा फोटो न्यायला विसरू नका. औषध कोणत्या गटाचं हे कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार?

आता पुढची दुरुस्ती.

तो फोम धुऊन वापरायचा नाही. फोममधनं औषध पुरतं निघत नाही. जाळायचाही नाही, धूर विषारी होतो. कुत्र्याला, गड्याला, शेजाऱ्याला बसायला द्यायचा तर विचारही नको. मी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून औषधांच्या खोलीत कुलपात ठेवलाय आणि विल्हेवाटीचं कृषी सहायकांकडं विचारलंय. कार्पेटचा तेवढा भाग आणि फेल्टही त्याच पिशवीत गेलं.

पत्रा धुताना रबरी हातमोजे घातले, तोंडाला मास्क, सगळी दारं उघडी. पाण्यात साबण आणि धुण्याचा सोडा टाकला. क्षारपड पाण्यात ही औषधं फुटतात, म्हणून तर आपण फवारणीच्या पाण्याचा सामू बघतो. तीच गोष्ट इथं उलटी उपयोगाला आली. पाणी ओतून वाहू दिलं नाही, कारण उतार गोठ्याकडं आहे. फडकं ओलं करून पुसलं, असं चार वेळा. फडकी त्याच पिशवीत.

सुकल्यावर तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, 80 नंबरचा पॉलिश पेपर मारला, लखलखीत पत्रा दिसेपर्यंत. भोकावर पत्रा लावायचं काम मात्र घरी केलं नाही. घरात वेल्डिंग मशीन आहे, मांडवाच्या अँगलना मीच जोड मारतो. पण गाडीच्या तळाला पेट्रोलची आणि ब्रेकची नळी असते. तिथं अंदाजानं काठी टेकवणं म्हणजे घर पेटवणं. गॅरेजवाल्या मिस्त्रींकडं नेली, त्यांनी नळ्या बाजूला घेऊन पत्रा मारला, 800 रुपये घेतले. मग मी घरी रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, जोडावर सीलंट भरलं, वर काळा रंग. प्रत्येक हातामध्ये पुरतं सुकू दिलं. पावसाळी हवेत घाई केली की रंग पापुद्र्यानं सुटतो.

नवीन फोम मिरजेत सीटकव्हरवाल्याकडनं मापानं कापून आणला. कव्हर मंडळीनं घरच्या मशीनवर शिवलं, रेक्झिनचं, 18 नंबरची सुई लावून. जुनं कव्हर उसवून त्याचेच तुकडे मापाला घेतले, म्हणून कोपरे बरोबर बसले. जुन्या कव्हरला तारेच्या कड्या होत्या, त्या जागी ठिबकला वापरतो त्या प्लॅस्टिकच्या टाय ओढल्या.

जाता जाता छताचं कापडही केलं. ते मधोमध लोंबत होतं. आधी मी एकदा नुसता गोंद लावून चिकटवलं होतं, आठवड्यात खाली आलं. कारण आता कळलं. कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो, तो उन्हानं कुजून भुकटी होतो. भुकटीवर गोंद काय धरणार? सगळं छत काढून भुकटी ब्रशनं झाडली, मग नवीन कापड चिकटवलं. भिंतीचे पोपडे न काढता चुना मारल्यासारखंच आहे ते.

सगळं बसवल्यावर मिस्त्रींना बोलावून सीटचे आणि बेल्टचे बोल्ट आवळून घेतले आणि ब्रेक तपासून घेतले. घरी काम करायचं म्हणजे सगळंच घरी करायचं असं नव्हे. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि तळाचं वेल्डिंग, ही चार कामं जाणत्याकडंच.

हिशेब: फोम, रेक्झिन, कापड 2,600. रेड ऑक्साइड, सीलंट, रंग, पॉलिश पेपर 450. वेल्डिंग 800. एकूण 3,850. गॅरेजवाल्यांनी 14 हजार सांगितले त्यात त्यांची लबाडी नव्हती, तीन दिवसांची मजुरी आहे ती. पण मी पैसे देऊन काम सोपवलं असतं, तर त्यांनी गादी बदलून दिली असती आणि तो डाग मी कधीच बघितला नसता. बाटली पुन्हा सीटखाली गेली असती.

आता घरचे नियम सांगतो. ते लिहून गाडीच्या चावीशेजारी लावलेत.

1. औषध माणसांच्या गाडीत आणायचं नाही. छोट्या गाडीची डिकी म्हणजे वेगळी खोली नव्हे, मध्ये नुसतं पुठ्ठ्याचं झाकण असतं, हवा एकच. औषध ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या घट्ट झाकणाच्या बादलीत. औषधाचा अन्नाशी आणि जनावरांच्या खाद्याशी संपर्क येईल अशी वाहतूक करू नये, हे कीटकनाशक नियम 1971 मध्येही आहे. भाजीची पिशवी आणि औषधाची पिशवी एकाच फेरीत आपण किती वेळा आणतो, आठवून बघा.

2. अर्धी बाटली कुठंही राहायची नाही. कुलपाच्या खोलीत, उभी, बूच आवळून.

3. खत, मोरचूद न्यायची वेळच आली तर कडा असलेल्या प्लॅस्टिकच्या घमेल्यात, आणि घरी आल्याबरोबर खाली.

4. पावसाळ्याआधी वायपरखालची जाळी आणि दारांची भोकं साफ. गाडी चिंचेखालनं हलवली आहे.

5. दर छाटणीला, म्हणजे वर्षातनं दोनदा, मॅट आणि मागची गादी उचलून बघायची.

गौरी-गणपतीला लेक आणि नात आल्या. येताना एसटीनंच आल्या, मी आग्रह केला नाही. तीन आठवडे गाडी दारं उघडी टाकून उन्हात ठेवली होती, डॉक्टरांनाही पुन्हा विचारलं होतं. जाताना लेक म्हणाली, "सोडा गाडीनं." पोरीनं सवयीनं पिशवी हातात घेतली होती. चारी काचा खाली करून सावकाश चाललो. आळसंद आलं, गेलं. आरशात बघितलं तर पिशवी मांडीवर आणि पोरगी झोपलेली.

विट्यात उतरताना ती पिशवी मला परत देऊन म्हणाली, "आबा, आज लागली नाही." मी पिशवी घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. अजून तिथंच आहे.

उद्या उघडीप असेल तर पहिल्यांदा बागेत जाऊ नका. गाडीची मागची गादी उचला आणि नाक लावून बघा. तुमचं नाक माझ्यासारखं मेलं असेल, तर घरातल्या बाईमाणसाला वास घ्यायला सांगा. आणि ती काय म्हणते ते ऐका.